चि. मंदारला: गोळीच्या डब्यातल्या कागदाविषयी

सातारा
रविवार, दुपार

चि. मंदार,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप ऐकला आणि त्या लांबलचक कागदाचे फोटोही पाहिले. मोबाइलवर अक्षर लागेना, शेवटी बाबांनी लॅपटॉपवर लावून दिले. रामिप्रिल, बीपीची गोळी, अडीच मिलिग्रॅम, रोज एक. डब्यातला कागद वाचलास, घाबरलास, डबा कपाटात टाकलास आणि आता मला विचारतोयस, "आई, घेऊ का नको?" फोनवर सांगितलं असतं, पण तू फोनवर अर्धंच ऐकतोस आणि काउंटरवर गिऱ्हाईक आलं की मीही तुला ताटकळत ठेवते. म्हणून सावकाश लिहितेय. जन्म मेडिकलमध्ये गेलाय माझा, या बाबतीत तरी माझं ऐक.

आधी कामाचं. खोकला येतोय म्हणालास, कोरडा, घशात खवखव, रात्री जास्त. तो त्या गोळीचाच असण्याची दाट शक्यता आहे. जिवावर बेतणारा नाही, पण पिच्छा पुरवणारा आहे. गोळी चालू असेपर्यंत सहसा जात नाही आणि कफ सिरपच्या बाटल्या रिचवून तर मुळीच जात नाही. गोळी थांबल्यावरही जायला एक ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त, तेव्हा "बंद केली तरी येतोच आहे" म्हणून वेगळीच शंका काढत बसू नकोस. उद्या सकाळी जीपीला, म्हणजे तुमच्या इंग्लंडातल्या फॅमिली डॉक्टरला, फोन कर आणि खोकल्याचं सांग. गोळी मनानं बंद केलीय हेही सांग, ते लपवू नकोस. बहुतेक ते लोसार्टन किंवा कँडेसार्टनसारखी गोळी बदलून देतील. आपण इकडे टेल्मिसार्टन देतो, त्याच गटातल्या त्या. मात्र ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, घसा आवळल्यासारखा झाला, तर जीपीची वाट बघायची नाही, सरळ अँब्युलन्ससाठी ९९९ लावायचा. हे फार थोड्यांना होतं, पण झालं तर घाई करावी लागते.

खोकला का येतो ते सांगते, कारण कारण कळलं की तुझी भीती निम्मी होते, हे मला तुझ्या लहानपणापासून माहीत आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आहे. तो चावला की माणसाचं बीपी धाडकन उतरतं. सर्जिओ फेरेरा नावाच्या तिथल्या शास्त्रज्ञानं १९६५ च्या सुमारास त्या विषातून एक द्रव्य वेगळं काढलं. आपल्या शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन असतं, त्याचा जोर हे द्रव्य वाढवतं. तो धागा पकडून पुढे कॅप्टोप्रिल तयार झालं आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं त्या सगळ्या गोळ्या त्याच घराण्यातल्या, तुझी धरून. शरीरातलं एक एन्झाइम दोन कामं करतं. एकीकडे रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन तयार करतं आणि दुसरीकडे ब्रॅडिकायनिन मोडून टाकतं. 'प्रिल' गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. त्यामुळे बीपी उतरतं, पण मोडलं न गेलेलं ब्रॅडिकायनिन साचतं आणि श्वासनलिकेत खवखव सुरू होते. म्हणजे गोळी बिघडलेली नाही आणि तूही नाहीस. ती तिचं काम करतेय आणि त्याच कामाचा हा दुसरा परिणाम आहे. सार्टन गटाच्या गोळ्या त्या एन्झाइमच्या वाटेला जात नाहीत, म्हणून त्यांनी असा खोकला सहसा येत नाही.

आता त्या कागदाकडे येऊ. तू तो वरून खाली वाचलास, कादंबरीसारखा. तिथेच घोळ झाला. इंग्लंडातल्या या कागदांवर सगळ्यांत गंभीर गोष्टी सगळ्यांत वर लिहितात, चेहरा सुजणं, छातीत दुखणं, कावीळ वगैरे. ज्याला तसं काही होतंय त्याला खाली शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून ती सोय. पण सोफ्यावर बसून वाचणाऱ्याला वाटतं, जे वर आहे तेच जास्त होत असणार. खाली आकडे दिलेत ते बघ. 'कॉमन' म्हणजे दहातल्या एकापर्यंत, 'अनकॉमन' म्हणजे शंभरातल्या एकापर्यंत, 'रेअर' म्हणजे हजारातल्या एकापर्यंत, 'व्हेरी रेअर' म्हणजे दहा हजारातल्या एकापर्यंत. हे शब्द कुणी मनाला येईल तसे वापरलेले नाहीत, त्यांची मापं ठरलेली आहेत. तुझा खोकला 'कॉमन'मध्ये आहे. उठल्यावर गरगरणंही 'कॉमन'मध्येच, आणि ते तर गोळीचं नेमून दिलेलं काम जरा जास्त झालं एवढंच. म्हणूनच पहिला डोस रात्री झोपताना घ्यायला सांगतात.

आणखी एक. त्या यादीतली एक ओळ वाचून तू जास्त बिचकला असशील आणि ती तू मला विचारणार नाहीस. 'अनकॉमन'मध्ये आहे ती, पुरुषांसाठीची. आई असले तरी आधी फार्मासिस्ट आहे, माझ्याकडे लाजायचं कारण नाही. शंभरातल्या एकापर्यंत, असं तिथं लिहिलंय. बीपी तसंच वर्षानुवर्षं चढं ठेवलंस तर रक्तवाहिन्या खराब होऊन तोच त्रास होण्याची शक्यता पुष्कळ जास्त. फक्त बीपीच्या डब्यात कागद येत नाही, म्हणून ती यादी कुणी वाचत नाही.

कागदातलं सगळं तुझ्यासाठी नाही, हेही ध्यानात घे. गरोदरपणात ही गोळी घ्यायची नाही असं ठळक लिहिलंय, ते मुक्ताला वाचून दाखव आणि डबा वेगळा ठेव. डायबेटिसची, किडनीची, लिथियमची वाक्यं आहेत, ती त्या त्या माणसांसाठी. तुझ्यासाठीच्या गोष्टी म्हटल्या तर मूठभर आहेत, आणि त्यातली एक तुझ्या घरातच पडलीय. तिच्याकडे नंतर येते.

तू विचारलंस, दुकानात कोणतं पुस्तक बघता, त्याचं नाव सांग, मी तेच वाचतो. बाळा, असं एकच पुस्तक नसतं. फोनशेजारी फाटक्या पाठीचं सिम्स असायचं ते तुला आठवत असेल, त्यात रबरबँड घालून तू पानं उडवायचास. ते मुळात कुठल्या घटकाचा कुठल्या कंपनीचा कोणता ब्रँड, किती मिलिग्रॅम, काय किंमत, हे शोधायला. साइड इफेक्ट त्यात दोन-तीन ओळींत उरकलेले असतात, कारण वाचणारा डॉक्टर किंवा केमिस्ट, त्याला बाकीचं माहीत आहे असं धरून चालतात. घरी कुणी ते वाचायला घेतलं तर त्याला वाटेल, एवढंच होतं होय! तू वाचलेल्या कागदाचं याच्या बरोबर उलटं. तो कंपनीचा कागद, सरकारी खात्यानं तपासलेला, त्यातून काही वगळलं आणि उद्या कोर्टात उभं राहावं लागलं तर काय, म्हणून जे जे कळलंय ते सगळं त्यात येतं. अमेरिकेत १९४७ पासून निघणारा 'फिजिशियन्स डेस्क रेफरन्स' नावाचा जाडजूड ग्रंथ होता, डॉक्टरांच्या टेबलावर हमखास असायचा. त्यातला मजकूरही कंपन्यांच्या मान्यताप्राप्त लेबलांचाच आणि जागेचे पैसेही कंपन्याच द्यायच्या. खोटं असतं असं नाही. पण दोन औषधांत उजवं कुठलं, हे असं पुस्तक तुला सांगणार नाही.

ते सांगतं तुमच्या तिकडचं बीएनएफ, ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी, म्हणजे डॉक्टरांसाठीचं औषधांचं पुस्तक. युद्धकाळातल्या फॉर्म्युलरीच्या जागी १९४९ साली ते सुरू झालं. डॉक्टरांची आणि फार्मासिस्टांची संघटना मिळून काढतात, छापील आवृत्ती दर सहा महिन्यांनी नवी. मला ते फार आवडतं. त्यात स्पष्ट मतं असतात, हे औषध अमक्याला देऊ नका, हे दिलंत तर रक्त तपासा, अशी. इंग्लंडात बसून तुला ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं. वाच, पण तेही डॉक्टरांसाठी लिहिलेलं आहे, त्यातली साइड इफेक्टची यादी नुसत्या शब्दांची रांग असते, समजूत घालायला कुणी नसतं. आपल्याकडेही नॅशनल फॉर्म्युलरी आहे, पहिली १९६० सालची. पण १९७९ नंतरची आवृत्ती निघाली ती थेट २०११ मध्ये. मधल्या काळात किती नवी औषधं आली याचा विचार कर. एवढी वर्षं केमिस्ट कशावर चालला? कंपनीच्या एमआरनं, म्हणजे औषधं खपवायला फिरणाऱ्या माणसानं, दिलेल्या गुळगुळीत कागदांवर आणि एकमेकांना विचारून. याचा मला अजून राग येतो.

आणि पेशंटच्या हातात तर काहीच नाही. तुमच्याकडे डब्यासकट कागद मिळतो, तो वाचून लोक घाबरतात. आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, पाचच गोळ्या द्या," मग कात्रीनं पट्टी कापायची. एक्स्पायरी आणि बॅच छापलेलं टोक दुकानात राहतं, नाव अर्धं तुटतं. खोक्यात कागद असलाच तर एकच, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, तो रिकाम्या खोक्याबरोबर रद्दीत जातो. म्हणून मी पाकिटावर मराठीत लिहून देते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर 'फक्त सोमवारी', लाल पेनानं, वर मोठ्यानं वाचून घेते. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि रोजची समजून घेतली तर माणूस दगावू शकतो. तिथं मला कागद जितका भीतिदायक असेल तितका हवा असतो.

पुस्तक खरं उपयोगी पडतं ते उलट्या बाजूनं वाचलं की. परळी खोऱ्यातल्या एक मावशी दर महिन्याला येतात. एकदा चिठ्ठीत लघवीची गोळी वाढलेली दिसली. विचारलं, कशासाठी? म्हणाल्या, "पाय सुजत्यात गं, चप्पल बसंना." पाय बघितले, घोट्याशी बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. दोन्ही पाय सारखे, दम नाही, रात्री उशी वाढवावी लागत नाही. मग जुनी चिठ्ठी मागितली. काही आठवड्यांपूर्वी अॅम्लोडिपीन ही बीपीची गोळी पाचाची दहा मिलिग्रॅम झाली होती. पुस्तकात अॅम्लोडिपीनखाली घोट्याची सूज पहिल्या काही शब्दांतच आहे आणि डोस वाढला की ती वाढते. ती गोळी बारीक धमन्या सैल करते, त्यामुळे पुढच्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. अंगात पाणी जास्त झालंय असं नसतं, म्हणून लघवीची गोळी तिथं फारसं काही करत नाही. ती नुसती घेतली असती तर सूज तशीच, वर सोडियम-पोटॅशियम खाली, मग चक्कर, मग चक्करेची गोळी. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, अॅम्लोडिपीन परत पाचावर आणलं आणि जोडीला टेल्मिसार्टन दिलं. मावशींची चप्पल बसायला लागली. मावशींनी गोळी घेण्याआधी ती यादी वाचली असती तर घेतलीच नसती. सूज आल्यावर कुणीतरी ती उघडली, म्हणून एक गोळी वाचली.

तुझ्या त्या दुसऱ्या शंकेबद्दल. "मी वाचल्यामुळेच मला होत नसेल ना?" प्रश्न मूर्खपणाचा नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या लोकांनी याचा छान प्रयोग केला, २०२० साली छापून आला. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी त्रास होतो म्हणून सोडून दिलेली साठ माणसं घेतली. प्रत्येकाला बारा बाटल्या. चार महिन्यांच्या बाटल्यांत खरी गोळी, चार महिन्यांच्या बाटल्यांत दिसायला तशीच पण औषध नसलेली, आणि चार बाटल्या रिकाम्या. कुठल्या महिन्यात खरी आणि कुठल्या महिन्यात पोकळ ते कुणाला माहीत नाही. रोजचा त्रास फोनवर नोंदवायचा. खऱ्या गोळीनं जेवढा त्रास झाला त्याच्या नव्वद टक्के पोकळ गोळीनंही झाला. त्रास खोटा नव्हता, अंग खरंच दुखत होतं, पण बराचसा गोळी घेण्यातून येत होता, औषधातून नाही. हे आकडे दाखवल्यावर निम्म्या माणसांनी गोळी परत चालू केली. पण म्हणून सगळ्यांच्याच तक्रारी मनाचे खेळ म्हणून झटकायच्या नाहीत, आणि काही डॉक्टर झटकतात. रामिप्रिलचा खोकला हा मनाचा खेळ नाही. कागद न वाचलेल्यांनाही येतो आणि महिनोन्‌महिने ते धुळीवर, थंडीवर, एसीवर खापर फोडत असतात.

हे सगळं पुस्तकात येतं कुठून, तर लोकांनी सांगितल्यातून. गोळी बाजारात येते तेव्हा ती काही हजार माणसांनी घेतलेली असते. दहा हजारातल्या एकाला होणारी गोष्ट त्यात दिसायची कशी? थॅलिडोमाइड १९५७ पासून विकलं जात होतं, गरोदर बायकांना मळमळीवर, निर्धोक म्हणून. १९६१ मध्ये मागे घेतलं तोवर हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. त्यानंतर १९६४ साली ब्रिटननं यलो कार्ड काढलं, औषधाचा त्रास सरकारला कळवायचा फॉर्म. सुरुवातीला डॉक्टरांसाठी होतं, आता पेशंटही भरू शकतो. तुझ्या कागदाच्या शेवटी त्याचा उल्लेख आहे, तू तिथवर पोचला नसशील. आपल्याकडे हे काम २०१० मध्ये सुरू झालं, गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनमधून चालतं. पेशंटसाठीचा फॉर्म मराठीतही आहे, फोन करायचा तर १८००-१८०-३०२४ फुकट लागतो. पाळीच्या दुखण्यावर बायका सर्रास घेतात त्या मेफेनॅमिक अॅसिडबद्दल २०२३ च्या अखेरीला इशारा आला तो अशाच नोंदींवरून. क्वचित कुणाला त्यानं अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज अशी जोराची रिअॅक्शन येते. दुकानात मी फॉर्म ठेवलेत. भरायला सांगितलं की लोक म्हणतात, "कशाला ताई, डॉक्टरांना राग येईल."

आता तुझ्या घरात पडलेली गोष्ट. इथून जाताना तू औषधांची पिशवी नेतोस, त्यात कॉम्बिफ्लॅमच्या पट्ट्या असतात, डोकं दुखलं की एक. ती आता बंद. तिच्यात चारशे मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आहे, ते बीपी चढवतं, गोळीचा परिणाम कमी करतं आणि दोन्ही मिळून किडनीला मार बसू शकतो. गोळी बदलून सार्टन दिली तरी हेच. डायक्लोफिनॅकचंही तेच. डोकं दुखलं तर साधी पॅरासिटामॉल घे, पण कॉम्बिफ्लॅममध्येही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकावर एक घेऊ नकोस. कमी सोडियमचं मीठ आणलंय असं मुक्ता मागे म्हणाली होती. डब्यावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलं असेल तर ते या गोळीबरोबर चालत नाही, पोटॅशियम वाढतं. साधंच मीठ आणा, कमी घाला. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं तर त्या दिवसांत गोळी घ्यायची का, हे आधीच विचारून ठेव.

आणि इतकी भीती फक्त रामिप्रिलची बाळगून बाकीच्या गोळ्यांना मोकळीक देऊ नकोस. रामिप्रिल दोन-चार दिवस थांबली तर बीपी परत चढतं, एवढंच. बाबांची अॅटेनोलॉल अशी एकदम थांबवली तर छातीत दुखायला लागू शकतं. कुठली गोळी मनानं थांबवली तर चालते आणि कुठली अजिबात नाही, हे सांगायला तुमच्याकडे गल्लीत फार्मासिस्ट बसलेला असतो. नवी बीपीची गोळी चालू झाली की इंग्लंडात तो पेशंटला बाजूला बसवून बोलतो, फोन करून विचारपूस करतो, फुकट. 'न्यू मेडिसिन सर्व्हिस' म्हणतात, नव्या गोळीची चिठ्ठी घेऊन जाशील तेव्हा आपणहून विचार. असं बसून बोलायला इथं मला पाच मिनिटं मिळाली तर मी दुकानासमोर रांगोळी काढीन.

नवी गोळी चालू झाली की एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासायला बोलावतील. टाळू नकोस. रिपोर्ट आला की क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, आणि पोटॅशियम हे दोन आकडे मला पाठव, बाकीचा कागद नको. आणि बीपी रोज दहादा मोजू नकोस. सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं बसून, पाठ टेकून, मोजताना मुक्ताशी वाद न घालता.

बाबा बरे आहेत. पावसानं दुकानाच्या मागच्या भिंतीला ओल आलीय, गडी बघून गेला. मुक्ताचे आईबाबा पुढच्या महिन्यात निघतायत, त्यांच्याबरोबर कंदी पेढे आणि मेतकूट पाठवते. लोणचं मागू नकोस, बीपी एकशेतीसच्या खाली येईपर्यंत मिळणार नाही.

तुझी,
आई